कूलरसमोरची बर्फी

आज सकाळी यांनी कूलर उघडला. नागपुरात हा एक सणच असतो, फक्त पंचांगात लिहिलेला नसतो. पळस फुलून गळायला लागला, दुपारी चपलेला डांबर चिकटायला लागलं, की घरोघरी कूलरवरची ताडपत्री निघते, खसाची, म्हणजे वाळ्याची, ताटी झटकली जाते, पंप पाण्यात बुडवून बघतात आणि तो चालला नाही की बायकोवर ओरडतात. आमचे हे महालातल्या अरुंद गल्लीत वाढलेले. त्यांच्या ओरडण्याचं माप तिथलंच आहे, समोरच्या घरापर्यंत बरोबर पोचतं. पण आज ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "इकडे ये जरा."

पंपाच्या जाळीत पांढऱ्या केसांचा गुंता अडकला होता.

"दरवर्षी धुतो, दरवर्षी निघतो," ते म्हणाले. "टाकू?"

"असू द्या."

"मग काय, तोरण करून बांधू दाराला?"

मी तो गुंता हातात घेतला. ओला होता, मऊ होता, आणि त्याला अजून खसाचा वास येत होता. तो उन्हाळा पुन्हा समोर येऊन बसला. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात इतका गमतीचा आणि इतका घोर लावणारा उन्हाळा दुसरा झाला नाही.

बर्फी म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या चिन्मयची कुत्री. हस्की. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या बर्फावर घसरगाडी ओढण्यात गेल्या, त्या जातीची. चिन्मय विमानतळाकडच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो, एकटा राहतो, आणि एकटा माणूस रात्रंदिवस मोबाइल बघत बसला की काय काय घरी आणेल याचा नेम नसतो. त्याने ही आणली डिसेंबरात, तिथेच फसला. डिसेंबरात नागपूर स्वतःला शिमला समजतं. कानटोप्या निघतात, कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोट्या पेटतात, आणि माणसाला वाटतं हे असंच चालायचं. पहिल्या दिवशी ती आमच्या दारात येऊन उभी राहिली, एक डोळा निळा, एक तपकिरी, आणि हे चहाचा कप हातात धरून म्हणाले, "अरे, ही तर बर्फी!" चिन्मयने तिचं काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं होतं. ते त्याच दिवशी मागे पडलं.

पहाटे तो तिला मैदानावर फिरायला न्यायचा, म्हणजे तीच त्याला न्यायची. पट्टा ताणलेला, छाती पुढे, आणि मागे आमचा संगणक अभियंता चपला सांभाळत फरफटत चाललेला. सगळी कॉलनी गॅलरीत उभी राहून बघायची. ती चालत नव्हती, ओढत होती. मागे काहीतरी जड आहे आणि ते आपण न्यायचं आहे, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. त्या वेळी मला त्याचं फक्त हसू यायचं.

मग मार्चमध्ये भाऊ आला. भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ, भिवापूरजवळच्या आमच्या गावी शेती करतो. मिरची निघाली की पोती घेऊन नागपूरच्या बाजारात येतो आणि मुक्काम आमच्याकडे. तो आला की आधी अख्खी इमारत शिंकते, मग भाऊ दिसतो. बर्फीही शिंकली. लोक तिचे डोळे बघतात. भाऊने डोळ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उकिडवा बसून त्याने तिच्या खांद्यावरून हात फिरवला, एकेक पंजा उचलून तळवे पाहिले.

"सुमे, खांद पाह्य वं हिची! हे ओढाचं जनावर हाये. याले वर कोठीत काहून कोंडून ठेवलं या पोट्ट्यानं?"

भाऊ हे बोलणारच. तरुणपणी तो शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकायचा. धुरेवर बसून बैल हाकणारा तो धुरकरी. पंचक्रोशीत आमच्या भावाची जोडी म्हटलं की लोक झाडावर चढून बघायचे. खिळ्याची काठी, तुतारी म्हणतात तिला, ती बैलाला टोचून पळवणारे बरेच होते. भाऊने ती कधी हातात धरली नाही, आणि त्यामुळे तो बरेचदा हरला, हेही खरं. मधे पट बंद झाले, आता नियम घालून पुन्हा सुरू झालेत. भाऊ नुसता बघायला जातो आणि दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून येतो.

त्याच मार्चात चिन्मयने आम्हाला ती शर्यत दाखवली. अलास्कात दरवर्षी या दिवसांत कुत्र्यांच्या गाड्यांची लांब शर्यत असते, दिवसचे दिवस चालणारी, नद्या गोठलेल्या, माणूस मागे उभा आणि पुढे कुत्र्यांची माळ. चिन्मय संध्याकाळी ऑफिसातून यायचा, बर्फीसकट खाली उतरायचा. "काकू, तुमचा टीव्ही मोठा आहे, घेऊन राहिलो बरं का थोड्या वेळासाठी!" मग बाहेर अंगाची लाही होते आहे, आत पंखा गरम हवा कालवतो आहे, आम्ही ताकाचे पेले घेऊन बसलो आहोत आणि समोर भिंतभर बर्फ. सुटायच्या आधी तिथली कुत्री एका सुरात रडायची, उड्या मारायची, दोर तोडू बघायची. ते ऐकून बर्फी उठायची, मान वर करायची आणि असा हेल काढायची की खालच्या मजल्यावर झोपलेलं बाळ उठायचं.

"रडून काहून राहिली वं हे कुत्री?" भाऊने पहिल्या दिवशी विचारलं. "मारते का त्याह्यले?"

"नाही मामा, त्यांना पळायचं आहे," चिन्मय म्हणाला.

"ते कोणं सांगतलं? कुत्र्यानं?"

चिन्मयने टीव्हीचा आवाज वाढवला. पण मला तो प्रश्न सोडेना. त्या शर्यतीवर पुष्कळ लोकांचा राग आहे. कुत्री मेलीही आहेत त्या बर्फात, काहींना साखळीला बांधून ठेवतात म्हणतात. आणि दुसरीकडे हेही दिसत होतं की प्रत्येक मुक्कामावर जनावरांचे डॉक्टर येऊन एकेका कुत्र्याची छाती तपासतात, हाकणारे त्यांच्या पायात कापडी बूट घालतात, कुणी लंगडलं तर त्याला गाडीत घालून पुढच्या मुक्कामापर्यंत नेतात आणि विमानाने घरी पाठवतात. हौस कुणाची आणि कष्ट कुणाचे, हा हिशेब बैलाच्या बाबतीत सुटला नाही तो कुत्र्याच्या बाबतीत कसा सुटणार? मला अजून तो सुटलेला नाही. शर्यत आली की मी बघते, आणि बघताना थोडं अपराधीही वाटतं.

भाऊची मात्र एकच परीक्षा होती. कोण पुढे, कोण मागे, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. तो थांबल्यावर काय होतं ते बघायचा. माणूस आधी स्वतः शेकोटीकडे जातो की आधी कुत्र्यांना गरम खाणं घालतो. आणि मग पुढचं. "सुटल्यावर पाह्य," तो म्हणायचा. "गळ्यातलं काढलं की जनावर कोणाकडं जाते? मालकाकडं येते का दूर पळते? बस, तेच खरं. बाकी सारं फोटो काढाचं काम."

एक बाई होती त्या शर्यतीत, सगळ्यांच्या मागे. शेवट अगदी जवळ आला होता आणि तिने गाडी थांबवली. कुत्री दमली होती. नीट खात नव्हती. पण उभी होती, शेपट्या हलवत होती, तिने म्हटलं असतं तर निघाली असती. तिने म्हटलं नाही. तिथेच शर्यत सोडून दिली.

"अरे यार!" चिन्मयने कपाळाला हात लावला. "इतकं जवळ येऊन!"

भाऊने ताकाचा पेला खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. "जिंकली," तो म्हणाला. "पोट्ट्या, जनावर थांबत नसते. तुले आवडते म्हणून ते मरेपर्यंत ओढते. थांबवणं मालकाचं काम हाये."

चिन्मयला ते पटलं नाही. तो हसला आणि बर्फीला घेऊन वर गेला.

पुढे एप्रिल लागला आणि आमच्या भिंतीवरचा बर्फ वितळला. बर्फीचे केस गळायला लागले. घरात, जिन्यात, माझ्या वरणात. चिन्मयचा एसी तिच्यासाठी दिवसभर चालू असायचा, पण आमच्याकडे वीज भर दुपारी रुसते, आणि रुसली की एसी आधी मरतो. कूलर इन्व्हर्टरवर चालतो. म्हणून बर्फी आमच्याकडे राहायला आली. कूलरसमोरची जागा यांची, लग्नापासूनची. तिने पहिल्याच दुपारी तिथे अंग टाकलं, खसाच्या ताटीला पाठ लावली आणि एक डोळा उघडून यांच्याकडे पाहिलं. हे चटई उचलून दिवाणखान्याच्या दाराशी गेले. "निवृत्त माणसाला कोण विचारतं," एवढं म्हणाले आणि तिच्या टबात बर्फाचे खडे टाकायला उठले.

कॉलनीतले सगळेच डॉक्टर झाले होते. कुणी म्हणे टक्कल करा, कुणी म्हणे चंदन लावा. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी टक्कल करायला साफ मना केलं. ते केस थंडी अडवतात तसं ऊनही अडवतात म्हणाल्या. शर्यतीतले बूट माझ्या लक्षात होते. मी आणि चिन्मय सीताबर्डीवर गेलो आणि तिच्या पायांना डांबराचा चटका बसू नये म्हणून तान्ह्या बाळांचे मोजे बघायला लागलो.

"मुलगा की मुलगी?" दुकानदाराने विचारलं.

"मुलगी," मी म्हटलं. "दोन जोड द्या, चार पाय आहेत."

त्याने मोजे पुडीत बांधले आणि आमच्याकडे पुन्हा बघितलं नाही. बर्फीने ते जिन्यातच दातांनी ओढून काढले. चौथा अजून सापडलेला नाही.

पण डॉक्टरीणबाईंनी निघताना चिन्मयला एक सांगितलं होतं, तेही साफच. "हिचं हे गाव नाही. नवतप्याच्या आत हिची थंड ठिकाणी सोय करा. कूलरवर ही असे किती उन्हाळे काढेल?" नवतपा म्हणजे मेच्या शेवटचे ते दिवस, जेव्हा नागपुरात कावळेही बोलत नाहीत. चिन्मयपुढे एक मार्ग होता. त्याच्याबरोबर शिकलेली डोल्मा मनालीच्या वरच्या अंगाला एका गावात राहते, तिच्याकडे अशीच दोन कुत्री आहेत, हिवाळ्यात ती घसरगाडीवरून सरपण आणतात. ती म्हणाली होती, पाठव. पण चिन्मय विषय काढला की पायरीवर बसून बर्फीचे कान कुरवाळायला लागायचा. "काकू, ती मला सोडून राहणार नाही." मी त्याला काय बोलणार? मलाही दुपारी तिच्या पोटावर पाय ठेवून पेपर वाचायची सवय झाली होती. ती जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं, आणि तिची जीभ दिवसेंदिवस जास्त लांब लोंबते आहे हेही दिसत होतं.

मे महिन्यात एका लग्नासाठी भाऊ पुन्हा आला. बर्फीची धाप बघून त्याचा जीव कळवळला. आमच्याकडे उन्हात निघताना खिशात कांदा ठेवतात. कांदा जवळ असला की ऊन लागत नाही, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. भाऊने माझ्या टोपलीतले पांढरे कांदे निवडले. एवढ्या केसाळ जनावराला एक काय पुरणार, म्हणून दोन घेतले. फडक्यात बांधले आणि तिच्या गळपट्ट्याला लटकवले. काय दिसत होती! यांनी फोटो काढला. मी त्या फोटोवर अर्धा तास हसले. मग जेवणं झाली, आंबरस झाला, आणि आम्ही सगळे आडवे झालो.

संध्याकाळी चिन्मय आला, यांनी दाखवलेला फोटो पाहून त्याने तिचा गळा चाचपला. फडकं होतं, ओलं, चावलेलं.

"मामा, कांदे कुठायत?"

"खाल्ले असन तिनं," भाऊ हसत म्हणाला. "थंडच असते कांदा."

चिन्मयने तिला उचललं आणि तो दाराकडे धावला. कांदा कुत्र्याला विष असतो. माणसाला जो उन्हातून वाचवतो, तो कुत्र्याचं रक्त आतून फोडतो. हे आमच्यात कुणाला माहीत होतं? गावच्या कुत्र्यांच्या वाटेला भाकरीचा तुकडा येतो, त्यांच्या गळ्यात कांदा कोण बांधतं!

रिक्षात तिला मांडीवर घेऊन चिन्मय बसला, भाऊ तिच्या पायांशी. दवाखान्यात तिला ओकायला लावलं, सलाईन लावलं. रक्तावर काही दिवस नजर ठेवावी लागेल, आधीच उन्हाने दमलेली आहे, असं बाई म्हणाल्या. ते दिवस फार वाईट गेले. तिच्या हिरड्या फिकट पडल्या होत्या. भाऊने लग्नाला जायचं सोडलं. रोज सकाळी दवाखान्याच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली जाऊन बसायचा. मी डबा नेला तर बाजूला सरकवायचा.

"तिनं खाल्लं का?"

"अजून नाही."

"मग ने वापस. जनावर खात नाई तवर धुरकरी खात नसते." मग म्हणाला, "तुतारी नाई लावली वं कोण्या बैलाले जिंदगीत. अन् ह्या लेकराले कांद्यानं मारत होतो."

मी त्याचा हात धरला. भावाचा हात मी लहानपणानंतर त्या दिवशी पहिल्यांदा धरला.

एका सकाळी तिने पेज चाटली. मग चार पायांवर उभी राहिली, पट्टा सोडल्याबरोबर डुलत डुलत अंगणात आली आणि कुणाकडे न बघता थेट भाऊजवळ गेली. त्याच्या मांडीवर तोंड ठेवलं.

"मामा," चिन्मय म्हणाला, "सुटल्यावर तुमच्याकडेच आली. पास झालात तुम्ही."

भाऊने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हसला नाही. "माह्याकडं नाई रे आली. मी सावलीत बसून राहिलो ना, सावलीकडं आली."

अंगणात बाकी सगळीकडे ऊन होतं. आम्ही तिघांनी ते पाहिलं. मग चिन्मयने खिशातून मोबाइल काढला आणि डोल्माला फोन लावला.

नवतपा लागायच्या आत जायचं ठरलं. दिल्लीपर्यंत चिन्मय तिला रेल्वेच्या थंड डब्यातून नेणार, पुढे डोल्मा गाडी घेऊन येणार. निघायच्या दिवशी भाऊ गावाहून आला, हातात लोण्याची वाटी आणि हळद. आमच्या गावाकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांद शेकतात. वर्षभर जू वाहून ज्या खांद्याला घट्टे पडले, त्याला हळद-लोणी चोळायचं आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. मालकाने वाकून द्यायचं, आणि अहोजाहो करून. भाऊने बर्फीला कूलरसमोर उभं केलं आणि तिचे खांदे चोळले. पांढरी कुत्री हळदीने पिवळी झाली, माझी फरशी पिवळी झाली, यांचा सदराही झाला. तिने लोणी चाटायचा सपाटा लावला होता, चिन्मय हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भाऊ वाकला आणि तिच्या कानाशी म्हणाला,

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

रिक्षा वळेपर्यंत तिने मागे पाहिलं नाही. पट्टा ताणलेला, छाती पुढे. मी आत येऊन कूलरसमोरची चटई आपल्या जागी टाकली. त्या दुपारी हे तिथे झोपले नाहीत, दाराशीच झोपले.

तीनेक वर्षं झाली याला. चिन्मय अजून वरच राहतो. त्याच्याकडे आता गल्लीतलीच एक काळी कुत्री आहे, ती नवतप्यात भर दुपारी गच्चीवर ताणून देते आणि कूलरकडे बघतही नाही. आज भाऊही इथे आहे. पोती आली, इमारत शिंकली. संध्याकाळी मी त्याला केसांचा गुंता दाखवत होते, तेवढ्यात चिन्मय फोन घेऊन खाली आला. "मामा, या या. डोल्मा लाइव्ह आहे."

तिकडे अजून बर्फ होता, डोल्माच्या घरचं कुणीतरी फोन धरून उभं होतं. उतारावरून तीन कुत्री गाडी ओढत खाली आली, मागे सरपणाची मोळी. पुढची आमची बर्फी. अंग भरलेलं, केस दाट, शेपूट वर. माझा ऊर असा भरून आला की चष्मा काढावा लागला. भाऊने चिन्मयच्या हातातून फोन घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. मला माहीत होतं तो काय बघतो आहे. गाडी थांबली. डोल्माने आधी तिच्या गळ्यातला पट्टा सोडला.

"बर्फीऽऽ!" चिन्मय ओरडला.

तिने कान टवकारले. फोनकडे वळून पाहिलं, निळ्या डोळ्याने, तपकिरी डोळ्याने. मग वळली आणि धावत जाऊन डोल्माच्या पायांशी बर्फात उताणी पडली, चारी पाय वर. डोल्माने आधी तिच्यापुढे खाणं ठेवलं, मग स्वतःचे हातमोजे काढले.

"पास," भाऊ म्हणाला.

फोन बंद झाला. कूलर तेवढा चालू होता. मी भावाला चिडवायचं म्हणून म्हटलं, "काय गा भाऊ, एवढं हळद-लोणी लावून आवतन दिलं होतं तू तिले. आली का जेवाले?"

"नाई आली," भाऊ म्हणाला. त्याचं तोंड हसून हसून कानापर्यंत गेलं होतं. "बरं झालं वं, नाई आली."